जीर्णोद्धार कोणाचा? गावच्या चर्चचा इतिहास आणि कर्त्याचा लोप

गावची ख्रिस्ती मंडळी आपल्या उपासना मंदिराला पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर वर्षे पुरी झाली म्हणजे स्मरणिका काढते. मंदिराचे पत्रे बदलले, भिंतींना नवा गिलावा दिला, घंटा पुन्हा टांगली, तरी त्या निमित्ताने काढते. या स्मरणिकांना मराठी समीक्षेने हात लावलेला नाही. त्या दुकानात मिळत नाहीत, ग्रंथालयात जात नाहीत, त्यांच्यावर परीक्षणे येत नाहीत. परंतु अनेक गावांत दलित ख्रिस्ती माणसाने स्वतःविषयी छापलेला मजकूर एवढाच असतो. म्हणून तो वाङ्मयाइतक्याच गंभीरपणे वाचला पाहिजे, आणि त्याची समीक्षाही तितक्याच परखडपणे झाली पाहिजे, असे मला वाटते.

मी मेहकर तालुक्यातील जानेफळचा, आणि बौद्ध. मेहकर, सिंदखेडराजा ओलांडले की पुढे जालना लागते. त्या बाजूला आमच्या सोयऱ्यांपैकी काही घरे तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. त्यांच्याकडून आणि नगरकडच्या शिक्षक मित्रांकडून या स्मरणिका माझ्याकडे जमत गेल्या. त्या वाचताना जे प्रश्न उभे राहिले ते येथे मांडावयाचे आहेत.

१

प्रथम या मजकुराची वाक्यरचना पाहू. मिशनरी साहेब अमुक साली आले. त्यांनी जागा मिळविली. त्यांनी मंदिर बांधले. पुढे मंदिर जीर्ण झाले आणि त्याचा जीर्णोद्धार करण्यात आला. साहेबाविषयी बोलताना वाक्य कर्तरी असते. गावची माणसे आली की ते कर्मणी होते. दगड आणले गेले, पाया खणण्यात आला, लोकांचे सहकार्य लाभले. दगड कोणी आणले? पाया कोणी खणला? ज्यांचे सहकार्य लाभले ते लोक कोण होते, कोठे राहत होते, दिवसभर कोणाच्या शेतात राबून संध्याकाळी मंदिराच्या कामावर येत होते? स्मरणिका येथे गप्प होते. हा निव्वळ व्याकरणाचा दोष नाही. ज्यांना शतकानुशतके कर्तेपण नाकारले गेले त्यांनी स्वतःचा इतिहास लिहितानाही ते स्वतःकडे घेतलेले नाही, असा त्याचा अर्थ आहे.

आमच्या भागाला जवळचे उदाहरण जालन्याचे आहे. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनकडून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाही मिशनमध्ये जावयाचे होते. तो अल्पवयीन म्हणून न्यायालयाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन ब्राह्मण जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्यात मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. हा प्रसंग मराठी प्रबोधनाच्या इतिहासात तपशिलासह नोंदलेला आहे, आणि तो तसा असावा याविषयी माझी तक्रार नाही.

याच नारायण शेषाद्रींनी पुढे निजामी मुलखातील जालन्यात काम सुरू केले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर जालन्याजवळ 'बेथेल' नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. तेथे जे आले ते बहुतेक महार आणि मांग होते, त्यातही मांग मोठ्या संख्येने. १८७३ साली शेषाद्री न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले. १८९१ साली ते वारले. एवढे सगळे आपणांस छापील सापडते. पण बेथेलला आलेल्या पहिल्या मांग कुटुंबाने आपले गाव सोडले तेव्हा गावच्या पाटलाने काय केले, त्यांची बलुते बंद झाली काय, दोर वळणे आणि केरसुण्या बांधणे सोडून त्यांनी कोणते काम हाती घेतले, नव्या विहिरीतून पहिली घागर कोणी भरली, याचे वर्णन कोठे आहे? एका ब्राह्मण मुलाचे धर्मांतर ही घटना ठरते. शेकडो मांगांचे धर्मांतर ही अहवालातील संख्या ठरते. प्रस्थापितांचा इतिहास आणि मिशनचा इतिहास एकमेकांविरुद्ध उभे असल्यासारखे दिसतात, परंतु या एका बाबतीत दोघांचे एकमत आहे.

'बेथेल' म्हणजे देवाचे घर. बायबलात याकोब घरून पळालेला, उघड्या रानात उशाखाली धोंडा घेऊन निजतो आणि त्या जागेला हे नाव देतो. गावाबाहेर राहणाऱ्या, निजण्यासाठी जमीनही ज्यांच्या नावावर नाही अशा माणसांना ही कथा कशी ऐकू आली असेल याचा विचार आपल्या समीक्षकांनी एकदा तरी करावा.

२

मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की आपल्यापुढे काही ठरलेली नावे येतात. बाबा पदमनजी, ज्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. नारायण वामन टिळक, ज्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाई. आणि १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक. या मंडळींचे श्रेय कमी करण्याचे मला कारण नाही. लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडताना स्वतःच्या मनाची जी झडती दिली आहे तितका प्रामाणिकपणा मराठी आत्मचरित्रात फार ठिकाणी सापडत नाही. पण ही सगळी नावे सवर्णांची आहेत आणि मंडळीचे बहुसंख्य सभासद महार-मांग आहेत. चर्चमध्ये बाकावर बसणारा एक आणि चर्चविषयी लिहिणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. विद्यापीठात मराठी ख्रिस्ती साहित्य शिकविताना ही विभागणी सांगितली जात नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८४२ साली सुरू केलेल्या 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध आला. ती जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकत होती. वेद ज्यांचे त्यांचे असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, हा तिचा प्रश्न. ती ख्रिस्ती नव्हती, तरी तिचे लिखाण मिशनच्या नियतकालिकाने जपून ठेवले. म्हणजे छापखाना होता, शाळा होती, वाचकही होते. तरीदेखील पुढच्या शंभर वर्षांत गावोगावच्या मंडळीतून दुसऱ्या मुक्ता का पुढे आल्या नाहीत? की आल्या, आणि त्यांची पाने कोणी ठेवली नाहीत? स्मरणिकांच्या समीक्षेला खरा आरंभ या प्रश्नापासून करावा लागेल.

नगरकडच्या खेड्यांत मिशनची शाळा आणि मंदिर पुष्कळदा एकाच खोलीत असे. सोमवार ते शनिवार पाटी आणि रविवारी उपासना. मास्तर तोच पाळक. ही खोली गावात नसे, महारवाड्याला लागून असे. चर्चची जागा पाहिली की गावाची जात कळते. इमारतीची दिशा, तिच्यापासून गावविहिरीचे अंतर, तिच्या दाराशी येणारी वाट हा सगळा दस्तऐवज आहे. तो वाचणारा विद्यार्थी मात्र आपण तयार केलेला नाही.

आमच्या वऱ्हाडात अकोला-खामगावच्या पट्ट्यात अलायन्स मिशनचे काम झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनने पोरक्या मुलांना आश्रय दिला. त्या मुलांच्या वंशजांना आजही 'पोटासाठी बाटले' असा टोमणा ऐकावा लागतो. ज्या गावाने त्यांना दुष्काळात दारात उभे केले नाही त्या गावाने त्यांच्या भाकरीचा हिशेब मागावा, हा उर्मटपणा आहे. दुःख याचे आहे की स्मरणिकाही या टोमण्याला उत्तर देत नाहीत. भूक हा शब्दच टाळतात आणि सगळ्यांना एकाच रात्री आत्मिक साक्षात्कार झाला असे लिहितात. भूक लागणे ही लाजेची गोष्ट नाही. ती लिहिली पाहिजे.

३

आमच्यातील काही कार्यकर्ते विचारतील, बौद्धाने चर्चच्या भिंतींची काळजी कशाला करावी? बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार करून तो नाकारला नाही काय?

बाबासाहेबांची टीका आपण नीट वाचली पाहिजे. ती त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात, १९८९ साली प्रसिद्ध झाली आहे. धर्मांतरित अस्पृश्याची चर्चमध्येही जातीतून सुटका झाली नाही, आणि मिशनच्या महाविद्यालयांचा व दवाखान्यांचा लाभ मंडळीतील गरिबांपेक्षा सवर्ण हिंदूंनाच अधिक झाला, हा त्यांचा आक्षेप आहे. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी याहून जिव्हारी लागणारी गोष्ट सांगितली: तुमच्यात शिकलेले इतके आहेत, तरी आपल्या अडाणी बांधवांवरील अन्यायाविरुद्ध तुम्ही चळवळ केली नाही.

हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. कितीतरी ठिकाणी ख्रिस्ती झालेला महार ख्रिस्ती झालेल्या मांगाशी सोयरीक करीत नाही. बाक एक असतो, प्रभुभोजनाचा प्याला एक असतो. लग्नाची बोलणी मात्र जुन्या जातीच्या वाटेने जातात. स्मरणिकेत यावर एक ओळ नसते. 'ख्रिस्तामध्ये आपण सर्व एक आहोत' एवढे म्हणून विषय संपतो.

परंतु बाबासाहेबांची टीका ही चर्चमधील आपल्या माणसाला टाकून देण्याची परवानगी नव्हे. एकाच महारवाड्यातून एक घर बेथेलला गेले, एक १९५६ नंतर बुद्धाकडे गेले, एक जुन्याच ठिकाणी राहिले. तिन्ही घरांना गावाने एकाच विहिरीवरून हाकलले होते. नकार हा जर दलित जाणिवेचा आरंभ असेल तर आमच्या मुलखात १८७० च्या आसपास बैलगाडीत संसार घालून निघालेल्या मांगांचा नकार आधीचा आहे. तो अपुरा ठरला असेल, पण तो नकारच होता. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शूद्र धर्मशास्त्राची मागणी केली, तिच्यातून पुढे दलित धर्मशास्त्र उभे राहिले. भारतातील ख्रिस्ती विचार हा ब्राह्मणी तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडला गेला, मंडळीतील दलिताच्या वेदनेत नव्हे, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा धर्मशास्त्राच्या वर्गातून गावच्या स्मरणिकेपर्यंत पोचलेला नाही.

४

आता प्रत्यक्ष जीर्णोद्धाराकडे वळू. मुंबईत भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चच्या जतनकामाला २०१९ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. काम चांगले झाले, वास्तुतज्ज्ञ लाभले, पैसा उभा राहिला. खेड्यातील मंडळीकडे यापैकी काही नसते. तेथे जीर्णोद्धार म्हणजे हंगामाच्या सणाला लिलावात विकलेली ज्वारी आणि कोंबड्या, पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेल्या पोरांनी पाठविलेले पैसे, आणि स्वतःच्या अंगमेहनतीचे दिवस. वारसा हा शब्द त्या मंदिराला कोणी लावत नाही. मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली, ही कथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच काळात उभ्या राहिलेल्या मातीच्या प्रार्थनाखोल्यांची कथा शिक्षकालाही ठाऊक नाही.

म्हणून जे थोडे असते तेही बिघडते. जुन्या भिंती दगडाच्या आणि चुन्याच्या असतात. चुन्याच्या दर्जांतून ओल बाहेर पडते. उत्साहाच्या भरात मंडळी त्यावर सिमेंटचा गिलावा करते. ओल आत कोंडते, आणि काही पावसाळ्यांत गिलावा फुगून दगडाचे पापुद्रे घेऊन खाली येतो. आमच्या काळ्या जमिनीत तर पाया उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात उचलतो. भेगा मुरमापर्यंत तपासल्याशिवाय वरून बुजविल्या तर त्या पुढच्या वर्षी पुन्हा उघडतात. मंगलोरी कौले काढून पत्रे घालतात. ही कौले बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्याच्या परंपरेतील आहेत, हे सांगणारा कोणी नसतो. जुन्या मंदिराचे ज्ञान घाणीत चुना मळणाऱ्या, दगड घडविणाऱ्या हातांत होते. त्या हातांना आपण अडाणी म्हटले आणि ज्ञान त्यांच्याबरोबर गेले.

याहून मोठा प्रश्न मालकीचा आहे. मंडळी मंदिर दुरुस्त करते. जागा बहुधा दूरच्या एखाद्या ट्रस्टच्या नावावर असते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अनेक मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत चर्च स्थापन झाले. विलीन झालेल्यांची मालमत्ता कोणाची, हा वाद गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला; केवळ विलीनीकरणाचा ठराव केल्याने जुना ट्रस्ट संपत नाही आणि मालमत्ता जात नाही, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. ज्या मंडळीला हे माहीत नाही ती पै-पै जमवून कौले बदलते, आणि शहरातून कोणी येऊन जागेचा व्यवहार करून जातो. पाया खणणाऱ्याचे नाव स्मरणिकेत नाही आणि सातबारावरही नाही, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

५

नावांच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. एका गावी मंदिराच्या दुरुस्तीनंतर देणगीदारांचा संगमरवरी फलक बसवावयाचा होता. यादी मी पाहिली. सर्वांत जास्त राबलेल्या आणि चांगली रक्कम दिलेल्या एका गृहस्थाने स्वतःचे नाव खोडून 'एक हितचिंतक' असे लिहिले होते. मी कारण विचारले. ते म्हणाले, ''गुरुजी, पोरीचं जातीचं सर्टिफिकेट निघायचंय. दगडावर नाव कोरलं तर ते कोणीबी वाचंल.''

या एका वाक्यात सगळा कायदा आला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज इतरांना अनुसूचित जातीतून वगळले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो हक्क मिळाला. ख्रिस्ती दलित आणि मुस्लिम दलित बाहेर राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात घातले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्यांना अनुसूचित जाती म्हणून मिळत नाही. मार खाताना जात जुनीच असते, संरक्षण मागताना मात्र ती उरत नाही.

१९८५ साली सूसै यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ते मद्रासमध्ये रस्त्याकडेला चांभारकाम करीत. सरकारने चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, यांना ख्रिस्ती म्हणून नाकारली. न्यायालयाने म्हटले, धर्मांतरानंतरही तीच हालअपेष्टा तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे दाखविणारी सामग्री आमच्यापुढे नाही. आता स्मरणिकांकडे पुन्हा पाहा. जी सामग्री न्यायालयाने मागितली ती कोठे असावयास हवी होती? मंडळीच्या इतिहासात. आणि मंडळीच्या इतिहासाने तर जात, भूक, वेगळी विहीर, वेगळी सोयरीक हे सगळे पुसून 'आम्ही सर्व एक' असे लिहून ठेवले होते. खोट्या सोज्वळपणाने आपणच आपला पुरावा नष्ट केला.

उलट बाजूही खरी आहे. २६ नोव्हेंबर २०२४ च्या सेल्वराणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अर्जदार बाईचा बाप्तिस्मा आणि तिचे नियमित चर्चला जाणे या गोष्टी तिच्याविरुद्ध धरल्या आणि अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र नाकारले. म्हणजे लिहिले तर व्यक्ती मरते, न लिहिले तर समाजाचा पुरावा मरतो. २००७ च्या रंगनाथ मिश्र आयोगाच्या अहवालाने धर्माची अट काढावी असे सुचविले होते. २०२२ साली पुन्हा न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढ मिळाली. आयोग येतात, मुदती वाढतात, आणि तिकडे गावात एक माणूस स्वतःच बांधलेल्या भिंतीवरून स्वतःचे नाव खोडतो.

६

मग काय करावे? जिवंत माणसाचे नाव त्याच्या इच्छेविरुद्ध कोठेही कोरू नये, हे पहिले. परंतु जे काम केले त्याचा इतिहास नावाशिवायही सांगता येतो: कोणत्या वाड्यातील किती घरांनी, कोणत्या हंगामात, किती दिवस, कोणते काम केले. पहिल्या पिढीतील मृतांची नावे त्यांच्या घरच्यांना विचारून लिहावीत. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या जुन्या वह्या वाळवीने खाण्याआधी त्यांच्या प्रती काढाव्यात आणि त्या मंडळीच्याच ताब्यात ठेवाव्यात. म्हाताऱ्या बायांना विचारावे. पाणी कोठून आणले हे पुरुषांना आठवत नाही, त्यांना आठवते. मंदिराच्या जागेचा सातबारा आणि विश्वस्त नोंदणीचा उतारा दुरुस्तीची पहिली पावती फाडण्याआधी काढावा. आणि स्मरणिकेत जातीवर, सोयरिकीवर, मंडळीतल्या फुटींवर एक प्रकरण असावे. त्याने मंडळीची बदनामी होणार नाही. बदनामी झाकल्याने होते.

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना आपण दलित आत्मकथनांवर प्रबंध लिहावयास सांगतो. त्यांपैकी काहींना आपल्या तालुक्यातील एखाद्या पडक्या प्रार्थनाखोलीकडे पाठवावे. बौद्ध विद्यार्थ्यांना तर आवर्जून पाठवावे. महार, मांग, बौद्ध, ख्रिस्ती अशी आपली जी शकले झाली आहेत ती भाषणांनी सांधली जात नाहीत, हे गेल्या पन्नास वर्षांत आपण पाहिले आहे. एकमेकांचा इतिहास लिहिण्याच्या कामाने कदाचित सांधली जातील. तूर्त एवढे व्हावे की यापुढे निघणाऱ्या स्मरणिकेत 'दगड आणले गेले' असे वाक्य आले, तर ते वाचणाऱ्या कोणीतरी उठून विचारावे: कोणी आणले?